सोलापूरकरांनो, कोकणात जाताय? मग या चुका टाळा

सोलापुरात पाण्याच्या गप्पा दोनच प्रकारच्या. नळाला कितव्या दिवशी येणार आणि उजनी किती टक्के भरली. अशा गावातनं उठून माणूस गणपतीपुळ्याच्या उतारावर येतो, झाडांमधून एकदम समुद्र उघडतो आणि गाडीतली सगळी मंडळी एका सुरात ओरडतात. मीही ओरडलो होतो. त्यानंतरच्या दोन दिवसांत मी ज्या चुका केल्या, त्याच पुढं दहा-बारा खेपांत शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, ऑफिसातल्या लोकांना करताना पाहिलं. आपण सपाटीची माणसं. रस्ता सरळ असतो, विहिरीचं पाणी जागेवर असतं, जमीन टणक असते, हॉटेल दिवसभर उघडं असतं, हे सगळं आपण धरून चालतो. कोकणात यातलं काहीही धरून चालत नाही.

किलोमीटर बघून वेळ ठरवणं

सोलापूर-पुणे २५० किलोमीटर, चार-साडेचार तास. हा हिशेब आपल्या डोक्यात घट्ट बसलाय. मग रत्नागिरी साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे सहा तास. सकाळी सहाला निघालो की दुपारचं जेवण समुद्रावर, असा बेत होतो. तो कधीच जमत नाही. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरपर्यंत गाडी छान पळते. खरा प्रवास तिथून पुढं. मलकापूर सुटलं की वळणं, मग आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. कोल्हापूर ते रत्नागिरी १३० किलोमीटर असले तरी साडेतीन तास धरा, कुठं रस्त्याचं काम लागलं तर चार. चहा-जेवण धरून दिवस दहा तासांचा होतो. एक तर पहाटे पाचला निघा, नाहीतर सरळ कोल्हापुरात मुक्काम करा आणि सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन पुढं व्हा. म्हातारी माणसं आणि लहान पोरं बरोबर असतील तर मी दुसराच पर्याय सांगेन. पन्हाळाही त्याच वाटेला लागून आहे. २०२५ साली मराठ्यांचे जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे आणि समुद्रातला सिंधुदुर्गही आहे. एकाच सहलीत दोन्ही होतात.

गणपतीपुळ्याला जायला रत्नागिरी शहरात शिरावं लागत नाही. हातखंब्याहून निवळी फाटा आणि तिथून जाकादेवी, असं थेट जाता येतं. मात्र रत्नागिरीला जायचं त्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्यानं जा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र. गाडी चालवणाऱ्याला तो बघता येत नाही, म्हणून एकदा थांबून त्यालाही बघू द्या.

रेल्वेनं जाणाऱ्यांची चूक वेगळी. कोल्हापूरहून कोकणात उतरणारा लोहमार्ग अजून नाही, त्यामुळं पनवेलचा वळसा पडतो किंवा कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणि पुढं एसटी. शिवाय नकाशात जे गाव दिसतं तिथं स्टेशन असेलच असं नाही. मालवणसाठी कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवलीला उतरायचं, गुहागरसाठी चिपळूणला, दापोलीसाठी खेडला, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरीला. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. मे महिन्यात पाठ केलेली वेळ ऑगस्टमध्ये उपयोगाची नाही.

चार दिवसांत अख्खं कोकण

सोसायटीतल्या एका काकांनी मला त्यांचा कागद दाखवला होता. पहिला दिवस गणपतीपुळे, जयगड, पावस. दुसरा दिवस मार्लेश्वर, विजयदुर्ग, कुणकेश्वर. तिसरा दिवस मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला. चौथ्या दिवशी "जाता जाता गोवा". मी म्हणालो, "काका, आंघोळ कुठल्या दिवशी करणार?"

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर लांब आहे आणि त्याला ठिकठिकाणी खाड्या कापतात. नकाशात समोरासमोर दिसणारी दोन गावं प्रत्यक्षात मधल्या खाडीमुळं दोन तासांवर असतात. काही ठिकाणी गाडीसकट पलीकडं नेणारी फेरीबोट आहे: दाभोळ ते धोपावे, वेसवी ते बागमांडला, जयगड ते तवसाळ. तिचा अनुभव जरूर घ्या, मुलं खूष होतात. पण शेवटची फेरी किती वाजता हे सकाळीच विचारून ठेवा, नाहीतर अंधारात खाडीकाठी उभं राहून मागचा सगळा वळसा घालायची पाळी येते.

गणपतीपुळे ते मालवण पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, निवांत पाच तास. म्हणून चार दिवस असतील तर एक तर रत्नागिरी बाजू किंवा मालवण बाजू. दोन्ही नको. मालवणला जायचं ठरलं तर कोल्हापूरहून राधानगरी आणि फोंडा घाट, किंवा गगनबावड्याहून करूळ अथवा भुईबावडा घाट उतरून जायचं. यातला कोणता घाट सध्या चालू आहे हे निघायच्या आदल्या दिवशी, ज्यांच्याकडं उतरणार त्यांनाच फोन करून विचारा. दरड, दुरुस्ती, रुंदीकरण, काही ना काही चालूच असतं. फोनवरचा नकाशा बंद घाटातनंही रस्ता दाखवतो.

घाटात सपाटीची सवय

आपल्याकडं गाडी पाचव्या गिअरला टाकली की मोहोळ-टेंभुर्णीपर्यंत काढायची गरज नाही. उताराला ब्रेक दाबत जायचं एवढंच माहीत. घाट उतरताना सलग ब्रेक दाबला की तो तापतो, करपट वास येतो आणि मग पाय दाबला तरी गाडी पहिल्यासारखी थांबत नाही. ज्या गिअरवर घाट चढला असता त्याच गिअरवर उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. वास आलाच तर रुंद जागा बघून पंधरा-वीस मिनिटं थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला ते सोसत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुक्यात वरचा दिवा लावला तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, खालचाच ठेवा.

मुलांना घाटात उलट्या होतात त्याला निम्म्या वेळा घाट नाही, नाश्ता जबाबदार असतो. मलकापूरला भजी, वडापाव आणि वर थंडगार बाटली, आणि मग वळणं. पोट हलकं ठेवा, औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या आणि हातातला मोबाईल काढून घ्या. मान खाली घालून पडदा बघणारं पोर सगळ्यात आधी ओकतं.

तिथी न बघता समुद्रावर जाणं

ही चूक बहुतेक सगळेच करतात. खरं तर पंढरपूर शेजारी असलेल्या आपल्या लोकांना ती सगळ्यात सोपी टाळता येते, कारण आपल्या घरात एकादशी कधी आहे हे कॅलेंडर न बघता माहीत असतं.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज वेळ पाऊण-पाऊण तास पुढं सरकते. म्हणून किनाऱ्यावरचे लोक वर्षानुवर्षं एक हिशेब वापरतात: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, दुपारी सव्वादोनला ओहोटी. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, सकाळी नऊला ओहोटी. जागेप्रमाणं तास-अर्धा तास इकडंतिकडं होतं, त्यामुळं गावात विचारायचंच. पण दिवसाचा बेत आखायला हे पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर येतं आणि तितकंच मागं जातं.

याचा उपयोग काय? तुम्ही संकष्टीला पुळ्याला गेलात, सकाळी दर्शनाच्या रांगेत दोन तास गेले, जेवलात, आडवे झालात आणि तीनला पोरांना घेऊन किनाऱ्यावर आलात, तर नेमकी भरती. वाळूचा पट्टा अरुंद, लाटा अंगावर, गर्दी मात्र सगळ्यात जास्त. उलट सकाळी नऊला तोच किनारा लांबरुंद पसरलेला असतो, शिंपले असतात, खेकड्यांची भोकं असतात, पोरं तासभर रमतात. मंदिरामागचा डोंगरच गणपती मानतात, त्याची सुमारे किलोमीटरभराची प्रदक्षिणा अनवाणी करायची असते. तीही ऊन चढायच्या आत करा. मे महिन्यात दुपारी बाराला ती केलेला एक जण माझ्या घरातच आहे. संध्याकाळपर्यंत तो टाचांवर चालत होता.

ओहोटीला चालायचं, पण पोहायचं नाही. पाणी परत जात असतं आणि बरोबर माणसालाही नेतं. उतरायचंच असेल तर भरती लागत असताना, गुडघाभर, आणि जिथं गावातले लोक उतरतात तिथंच.

"मला पोहता येतं"

हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. आपल्याकडं पोहायला शिकतात विहिरीत. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून काकानं ढकललं की आठ दिवसांत पोरगं तयार. विहिरीत खोली असते, पण पाणी जागचं हलत नाही. दमलं की चार हात मारले, कडेची पायरी धरली. समुद्राला पायरी नाही.

माझा मेव्हणा बार्शीकडचा, चाळीस फुटी विहिरीत कठड्यावरून सूर मारणारा. पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आम्हाला हात करत होता. एक लाट परतली, त्याच्या पायाखालची वाळू गेली, आणि बघता बघता तो तीस-चाळीस फूट आत. तो पोहायला लागला, जोरात, सरळ आमच्याकडं. हात चालतायत, माणूस जागेवरच. किनाऱ्यावर कोकम सरबत विकणारे एक मामा हातातला ग्लास टाकून पाण्यापर्यंत धावले आणि ओरडले, "आडवे या! सरळ नको, आडवे या!" मेव्हण्यानं ते कसं ऐकलं देव जाणे, पण तो किनाऱ्याला समांतर सरकला, पंधरा-वीस हात मारले असतील, आणि एका लाटेनं त्याला उचलून उथळ पाण्यात आणून टाकलं. वर आल्यावर तो काही बोलला नाही. सरबताचे दोन ग्लास प्यायला आणि तिसरा हातात धरून बसला.

त्या मामांनी मग वाळूत काडीनं काढून दाखवलं. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते परत जायला एखादी खोलगट वाट धरतं. त्या वाटेवर लाट फुटत नाही, फेस नसतो, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, कारण दोन्ही बाजूंच्या फेसाळ लाटांपेक्षा ती जागा बरी वाटते. त्या ओढीशी कुस्ती खेळायची नाही. आधी तरंगा, दम सांभाळा, हात वर करून हाक मारा, मग किनाऱ्याला समांतर सरका. ओढीचा पट्टा अरुंद असतो. तो ओलांडला की लाटाच आत आणतात.

आणि कोणी अडकलेलं दिसलं तर हातात हात धरून साखळी करून आत शिरू नका. एकाचे चार होतात. दोरी, हवा भरलेला चेंडू, झाकण लावलेला रिकामा कॅन, तरंगणारं काहीही त्याच्याकडं फेका आणि ११२ ला फोन लावा. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सरळ असला तरी आत लगेच खोल होतो. तिथले धोक्याचे फलक शोभेला लावलेले नाहीत. तिथं दरवर्षी माणसं जातात. जीवरक्षकानं शिट्टी मारली की बाहेर या. "ओ, आम्ही लांबनं आलोय की" हे त्याला सांगून उपयोग नाही. सगळेच लांबनं आलेले असतात.

गाडी वाळूत घालणं

ही चूक माझी स्वतःची, त्यामुळं सविस्तर सांगतो.

गुहागरच्या बाजूचा एक किनारा. ओहोटी होती, वाळू ओली आणि सिमेंटसारखी कडक दिसत होती. आधी कोणाच्या तरी चाकांच्या खुणाही होत्या. म्हटलं, समुद्राजवळ गाडी उभी करून एक फोटो घ्यावा. शंभर फूट गेलो असेन, पुढची चाकं बसली. मी काय केलं? सगळे करतात तेच. ॲक्सिलरेटर दाबला. चाकांनी स्वतःसाठी खड्डा खणला आणि गाडी पोटावर टेकली. त्या वेळी मला पाऊणपटीचा हिशेब माहीत नव्हता. आई मागच्या सीटवर माळ ओढत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, "अरे, ते पाणी मघाशी लांब होतं की."

झापाच्या शेडखाली जाळी विणत बसलेले दोघे आले. एकानं आधी मला गाडीतनं खाली उतरवलं. दुसऱ्यानं चारी चाकांची हवा सोडली, साधारण निम्मी. मग हातानं आणि नारळाच्या करवंटीनं चाकांच्या मागची वाळू काढली. मागची, कारण ज्या खुणांवरून आत आलो त्यावरूनच बाहेर जायचं होतं. चाकांखाली घालायला झावळ्या आणल्या, पण त्या एकाच चाकाला पुरल्या. "काय जाडंभरडं हाय काय गाडीत?" असं त्यानं विचारलं. गाडीत दोन सोलापुरी चादरी होत्या. एक आईनं प्रवासात गुंडाळून घ्यायला आणलेली, एक ज्यांच्याकडं उतरलो होतो त्यांना भेट द्यायला कोऱ्या घडीची. आईनं न बोलता स्वतःची काढून दिली. ती दुसऱ्या चाकाखाली गेली. रिव्हर्स टाकून, क्लच हळू सोडत, ॲक्सिलरेटरला पाय न लावल्यासारखा लावत गाडी मागं आली. तिसऱ्या प्रयत्नात. तोपर्यंत पाणी पुढच्या चाकांच्या खड्ड्यात शिरलं होतं.

चादर फाटली नाही. त्यातल्या मोरावर टायरची नक्षी उठली ती मात्र अजून आहे.

तेव्हा पहिली गोष्ट, गाडी किनाऱ्यावर नेऊच नका. बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे आणि पोलीस गुन्हाही नोंदवतात. नेलीच आणि रुतलीच तर चाक गरगर फिरवू नका. माणसं उतरवा, हवा कमी करा, वाळू काढा, जाड कापड किंवा झावळ्या घाला आणि आल्या वाटेनं मागं या. सुटल्यावर हवा कमी असतानाच रस्त्यावर पळवू नका, जवळच्या पंपापर्यंत बैलगाडीच्या चालीनं जा.

जेवण सांगितलंच नाही

सोलापुरात दुपारी चारलाही कुठंतरी गरम भाकरी मिळते. कोकणातल्या लहान गावात घरगुती खानावळ म्हणजे खरोखर घर असतं. सकाळी जितकी माणसं सांगितली तितक्याच तांदळाचा भात, तितकेच मासे. साडेतीनला जाऊन उभं राहिलात तर काकू हळहळतात, "सकाळी एक फोन करायचात ना हो", पण पातेलं घासून पालथं घातलेलं असतं. एक ते चार बाजारही झोपलेला असतो. याचा राग धरू नका, तिथली दुपार तशीच असते. सकाळी चहाच्या वेळीच दुपारचं आणि रात्रीचं सांगून टाका. उकडीचे मोदक, घावणे, मोरी मटण (मोरी म्हणजे लहान शार्क मासा) असलं काही हवं असेल तर आदल्या दिवशी.

माशांच्या बाबतीत आपण सगळे एकच चूक करतो. नाव माहीत असतं दोनच माशांचं, सुरमई आणि पापलेट, आणि तेच मागतो. ते महागही आणि रोज ताजे मिळतीलच असं नाही. "आज काय आलंय?" असं विचारा. बांगडा, सौंदाळे, मोदकं, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, जे त्या दिवशी आलं असेल ते खा. भाव मात्र ताट समोर यायच्या आधी विचारा. मोठ्या माशाच्या तुकडीचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर असतो आणि नंतर बिलावरून वाद घालण्यात दोन्हीकडच्यांची दुपार जाते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रातली मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कोणी "एकदम ताजी सुरमई" म्हणालं तर खुशाल शाकाहारी थाळी सांगा.

भाकरी मागितली तर तांदळाची येते. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरनंच न्या. प्रवासात ती आठ दिवस टिकते, आणि तिकडच्या लोकांना ती इतकी आवडते की आमच्या चटणीच्या डब्यावर एकदा चार दिवस सोलकढी मिळाली होती.

कधी जाऊ नये

गणपतीत. सगळ्यांना वाटतं गणपतीत कोकण बघावं. पण तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावी येतात, महामार्ग तुंबतो, आणि खोल्या देणारे घरचे पाहुणे सांभाळण्यात गुंतलेले असतात. शिमग्याचंही तेच. कोणी ओळखीचं बोलावत असेल तर जरूर जा, पालखी नाचवताना बघण्यासारखं दुसरं काही नाही. हॉटेलच्या भरवशावर जाऊ नका. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी आणि मे महिना, या तिन्हीला दोन महिने आधी खोली ठरवा. फोटोत समुद्र दिसतो म्हणून पैसे पाठवू नका. नकाशावर जागा बघा आणि मालकाशी बोला. "समुद्राला लागून" याचा अर्थ कधीकधी मध्ये डोंगर असाही असतो.

मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, स्कूबा, पॅरासेलिंग सगळं बंद. पावसाळ्यात जाऊन मालवणच्या जेट्टीवर "एवढ्या लांबनं आलो" म्हणत किल्ल्याकडं बघत बसलेले लोक मी पाहिलेत. स्कूबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तेव्हा पाणी नितळ असतं. दम्याचा, हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर लपवू नका, आणि भरल्या पोटी उतरू नका. लाइफ जॅकेटचे बंद नुसते अडकवलेले नकोत, ओढून बांधलेले हवेत. तिथं "काही होत नाही साहेब" म्हणणाऱ्या होडीत बसायचं नाही. किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आम्हा सोलापूरकरांना तटबंदीपेक्षा त्याचंच कौतुक जास्त.

हवेबद्दलही एक गैरसमज. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३, तिकडं ३३-३४, म्हणजे तिकडं गार, असं वाटतं. आपला घाम वाळतो, तिथला वाळत नाही. एक तासात शर्ट पिळून काढावा लागतो. मीठ-साखर-लिंबू पाणी पीत राहा. आणि आपली जाड सोलापुरी टर्किश टॉवेलं घरी ठेवा. तिकडच्या दमट हवेत ती तीन दिवस वाळत नाहीत आणि चौथ्या दिवशी त्यांना कुबट वास येतो. हे सांगताना जिवावर येतं, पण पातळ पंचा न्या. रोख पैसेही न्या. खाडीकाठच्या गावात रेंज गेली की मोबाईलवरचे पैसे मोबाईलवरच राहतात.

परत येताना

हापूसच्या पेटीवर काय छापलंय त्यावर जाऊ नका. महामार्गाच्या कडेला देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबाही मिळतो. एक फळ कापून दाखवायला सांगा: साल पातळ आणि गर केशरी असेल तर बरं, साल जाड आणि गर फिकट पिवळा असेल तर पुढं चला. शक्यतो बागायतदाराच्या घरून, थोडा कच्चाच घ्या. तयार आंब्याची पेटी डिकीत घालून मे महिन्यात सांगोल्याच्या माळावरनं दुपारी आणली की सोलापुरात पोचतो तो आमरस. कच्चा आंबा आणा, घरी पेंढ्यात अंथरा, आठवडाभरात घर घमघमतं.

कोकमाच्या बाटल्या घेताना आगळ आणि सरबत यातला फरक बघा. आगळात मीठ असतं, साखर नसते; ते सोलकढीसाठी. माझ्या मेव्हण्यानं, त्याच मेव्हण्यानं, घरी आल्यावर पाहुण्यांना थंड पाण्यात आगळ घालून दिलं होतं. पाहुणे सोलापूरचेच, तोंड वाकडं न करता प्यायले आणि म्हणाले, "वेगळं लागतंय की."

आणि गाडी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात चार दिवस उभी राहिलेली गाडी खालून धुतली नाही तर वर्षभरात पत्रा गंजतो. नुसतं वरनं पुसून भागत नाही, खालच्या बाजूनं प्रेशरनं गोडं पाणी मारून घ्यावं लागतं. हे काम कोल्हापुरातच उरका. घरी पोचल्यावर धुऊ असं ठरवाल, तर आपल्याकडं नळाला पाणी कितव्या दिवशी आहे हे आधी शेजारी विचारावं लागेल.